वळीवड्याचे पोलिश हिटलरच्या तावडीतून सुटून आले नव्हते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतील, पूर्व पोलंडमधल्या बियालिस्तोक जिल्ह्यावरचा लेख वाचला. दुसऱ्या महायुद्धात जेमतेम तीन वर्षे टिकलेल्या एका जर्मन जिल्ह्यावर मराठीत कोणी पानभर लिहावे आणि आपण ते छापावे, याबद्दल आधी आभार मानतो. पुढे जे लिहायचे आहे, त्यात आभाराला फारशी जागा उरणार नाही.

एरिख कोखच्या कारभाराचे वर्णन लेखकाने चांगले केले आहे. पूर्व प्रशियाचा हा नाझी सुभेदार १ ऑगस्ट १९४१ पासून सुमारे ३१ हजार चौरस किलोमीटरचा हा मुलूख क्योनिग्सबर्गहून चालवत होता, त्याच साली युक्रेनचा कारभारही त्याच्याकडे आला, आणि बियालिस्तोक ही त्याच्या दोन जहागिरींना जोडणारी पट्टी होती, हे सारे बरोबर आहे. हा मुलूख रीतसर जर्मनीत विलीन केला नव्हता आणि व्याप्त पोलंडसाठी क्राकोहून चालणाऱ्या ‘जनरल गव्हर्नमेंट’ या वेगळ्या जर्मन कारभारालाही जोडला नव्हता, हेही लेखकाने नीट सांगितले आहे. इतकी काळजी घेणाऱ्या माणसाने शेवटाकडे येता येता, याच जिल्ह्यातील नाझी अत्याचारांतून निसटलेले पोलिश पुढे कोल्हापूरजवळच्या वळीवड्याच्या निर्वासित छावणीत आश्रयाला आले, असे एका वाक्यात उरकून टाकावे, याचे मात्र आश्चर्य वाटते. तेच वाक्य आपण मोठ्या टायपात चौकटीतही घेतले आहे.

लेखकाने नकाशा समोर ठेवून क्षणभर विचार करायला हवा होता. वळीवड्याला आलेली माणसे १९४२ च्या मार्च-एप्रिलमध्ये आणि ऑगस्टमध्ये कास्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरली होती. त्या वेळी बियालिस्तोक आणि कास्पियन यांच्या मध्ये अख्खी पूर्व आघाडी उभी होती, दोन्हीकडचे लाखो सैनिक होते. आपल्या लेखानुसार बायका आणि मुले कोखच्या पहाऱ्यातून निसटली, ती आघाडी पायी ओलांडून गेली, मध्य आशियाला वळसा घालून जहाजात बसली आणि इराणमार्गे पंचगंगेच्या काठी येऊन पोहोचली. असे खरोखर घडले असते तर जगातल्या प्रत्येक लष्करी शाळेत ते आज शिकवले जात असते.

वस्तुस्थिती अशी की ही माणसे तो जिल्हा जन्माला येण्याआधीच तिथून उचलली गेली होती. सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनांनी बियालिस्तोक घेतले आणि स्टालिनशी झालेल्या वाटणीप्रमाणे आठवड्याभरात ते लाल सैन्याच्या हवाली केले. ऑक्टोबरअखेर त्याच शहरात एक ‘लोकसभा’ भरवून ‘पश्चिम बेलारूस’ म्हटलेला हा मुलूख सोव्हिएत संघात सामील करून घेण्याचा ठराव करवून घेण्यात आला, आणि डिसेंबरात तिथे सोव्हिएत प्रांत निर्माण झाला. कोखचा जिल्हा उभा राहिला तो या प्रांताच्या जागेवर. मधल्या वीस-एकवीस महिन्यांत स्टालिनच्या पोलिसांनी चार लाटांत माणसे हद्दपार केली. फेब्रुवारी १९४० मध्ये माजी सैनिक-वसाहतवाले आणि वनखात्यातील नोकरदार यांची कुटुंबे गेली, एप्रिलमध्ये आधीच अटक झालेल्यांची बायकामुले गेली, जूनमध्ये मुख्यतः पश्चिम पोलंडमधून पळून आलेले ज्यू निर्वासित गेले, आणि शेवटची लाट १९४१ च्या जूनमध्ये, जर्मन हल्ल्याच्या अगदी तोंडावर निघाली. हे सगळे आपल्या लेखात अर्ध्या वाक्यात, ‘काही काळ रशियन अमलानंतर’ एवढ्यावर भागवले आहे.

मी हे इतक्या तावातावाने लिहितो आहे त्याला कारण आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी वळीवड्याच्या छावणीत वाढलेली काही पोलिश मंडळी कोल्हापूर पाहायला आली होती आणि इतिहास शिकवणारा म्हणून त्यांच्याबरोबर फिरण्याचे काम माझ्याकडे आले होते. महावीर उद्यानातल्या स्मृतिस्तंभापाशी फुले वाहून झाल्यावर आम्ही गांधीनगरला गेलो. छावणी उठल्यावर तिथे सिंधी निर्वासित वसले, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. कापडाच्या दुकानांच्या गर्दीत आपली शाळा कुठे होती आणि चर्च कुठे होते, याचा शोध घेताना त्यांच्यातल्या एक वृद्ध बाई एका दुकानदाराला ‘किती?’ आणि लगेच ‘महाग!’ असे दोनच मराठी शब्द ठसक्यात ऐकवून मोकळ्या झाल्या. दुकानदाराने हसून टॉवेलचे पैसे कमी केले.

या बाई त्याच मुलखातल्या वोल्कोविस्कजवळच्या एका खेड्यातल्या वनरक्षकाच्या कन्या. १० फेब्रुवारी १९४० च्या पहाटे दारावर बंदुकीचे दस्ते आपटले, सामान बांधायला अर्ध्या तासाची मुदत मिळाली, आणि आईने भांडीकुंडी सोडून हाताने चालवायचे शिवणयंत्र गोधडीत गुंडाळून घसरगाडीवर चढवले. ते यंत्र मालगाडीच्या डब्यातून अर्खांगेल्स्कच्या जंगलात गेले, १९४१ मध्ये स्टालिनने पोलिशांना ‘माफी’ दिल्यावर दक्षिणेला उझबेकिस्तानात आले, आणि तिथे दोन पोती पिठाच्या बदल्यात विकले गेले. वडील सोव्हिएत भूमीवर उभ्या राहिलेल्या जनरल अँडर्स यांच्या पोलिश सैन्यात भरती झाले म्हणून कुटुंबाला इराणची वाट मिळाली. मी शिक्षकी सवयीने त्यांना विचारले, की तुमच्या गावात जर्मनांनी काय केले. त्या म्हणाल्या, ‘मला काय ठाऊक? आयुष्यातला पहिला जर्मन मी लंडनमध्ये पाहिला, युद्ध संपल्यावर, शेजारी म्हणून.’ तेव्हापासून वर्गात आणि वर्गाबाहेर मी हा मुद्दा सांगत आलो. काल सकाळी रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्या मंडळींपैकी एका गृहस्थांनी आपली पुरवणी माझ्यासमोर धरली आणि चौकटीवर बोट ठेवून म्हणाले, ‘गुरुजी, पेपरात तर वेगळंच आलंय.’ छापील चौकटीपुढे निवृत्त शिक्षकाचे काय चालणार?

हा केवळ तारखांचा घोळ असता तर मी गप्प बसलो असतो. हिटलरच्या खात्यावर गुन्ह्यांची कमतरता नाही. स्टालिनने केलेले त्यात जमा केल्याने त्याचे खाते वाढत नाही, दुसऱ्याचे मात्र कोरे होते. आणि कोखच्या जिल्ह्यात जे खरोखर मारले गेले, त्यांना आपल्या लेखात मिळालेली जागा पाहता हा घोळ अधिकच खटकतो. २७ जून १९४१ रोजी, म्हणजे जिल्ह्याची स्थापना होण्याच्याही आधी, जर्मन पोलीस बटालियनने बियालिस्तोकच्या मोठ्या सिनगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, शेकडो ज्यूंना कोंडून ते पेटवून दिले. पुढे तिथल्या घेट्टोत, म्हणजे ज्यूंसाठीच्या बंदिस्त वस्तीत, सुमारे पन्नास हजार माणसे डांबली गेली, आणि १६ ऑगस्ट १९४३ रोजी घेट्टो रिकामा करायला आलेल्या जर्मनांविरुद्ध आतल्या मूठभर तरुणांनी मर्देखाय टेनेनबाउमच्या नेतृत्वाखाली हत्यार उचलले. याला लेखात तीन ओळी आहेत. हिटलरचा सहकारी गोअरिंग याला बियालोव्येझाच्या जंगलात शिकार करायची हौस होती, याला दोन परिच्छेद आहेत. जंगल मोकळे करण्यासाठी तिथली खेडी जाळली, हा तपशील त्या दोन परिच्छेदांतही मावलेला नाही.

लेखाचा शेवट तर ठार चुकीचा आहे. जुलै १९४४ मध्ये लाल सैन्य आले आणि हा प्रदेश पोलंडला परत मिळाला, असे लेखक म्हणतात. परत मिळाला तो पश्चिमेकडचा भाग: बियालिस्तोक, लोमझा. ग्रोडनो आणि वोल्कोविस्क सोव्हिएत बेलारूसमध्ये गेले आणि आजही ते बेलारूसमध्येच आहेत. वळीवड्याची माणसे युद्ध संपल्यावरही दोन-तीन वर्षे इथेच का राहिली आणि १९४८ पर्यंत छावणी उठताना त्यांतली बरीचशी ब्रिटनच्या जहाजात का बसली, याचे उत्तर या नव्या सीमारेषेत आहे. ग्रोडनो, वोल्हिनिया, ल्वोव अशा ज्या पूर्वेकडच्या प्रांतांतून ती आली होती, तिथली त्यांची घरे आता पोलंडमध्ये नव्हती, आणि ज्या सरकारने त्यांना मालगाडीत कोंडले होते, त्याच सरकारच्या हद्दीत पुन्हा राहायला जाणे कोणालाही शक्य नव्हते. वोल्कोविस्कच्या बाईंना आपले खेडे पुन्हा पाहायचे तर परक्या देशाचा व्हिसा काढावा लागत होता. कोल्हापूरच्या वाचकाला या जिल्ह्याविषयी सांगण्याजोगी हीच गोष्ट होती, आणि नेमकी तीच निसटली.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी वॉर्साच्या कोल्हापूर स्मारकावर पुष्पचक्र वाहिले, तेव्हापासून सर्वच वृत्तपत्रांना वळीवडे आठवू लागले आहे. आठवण यावी, जरूर यावी, पण ती लेखाच्या शेपटीला स्थानिक रंग म्हणून चिकटवू नये.

नकाशाबद्दलही लिहायला हवे. लेखासोबतचा नकाशा तिकिटाएवढा छापला असून त्यात ग्रोडनो दिसतच नाही, कारण त्या जागी टू बीएचके सदनिकांच्या जाहिरातीतील जलतरण तलाव आहे. पुरवणी आठ पानांवरून चार पानांवर आली, तिची किंमत मात्र अंकात मिळवून वाढली, हे वर्गणीदार मुकाट्याने सोसत आहेत. निदान इतिहासाच्या लेखाला नकाशाइतकी जागा राखून ठेवावी. बिंदू चौकातला आमचा वितरक पुरवणी सोमवारी देतो, तो विषय वेगळा.

हे पत्र जागेअभावी छाटावे लागले तर रंकाळ्याची आणि जलतरण तलावाची वाक्ये खुशाल काढा, गावे आणि तारखा मात्र राहू द्या. आणि दुरुस्ती छापणार असाल तर ती रविवारच्या पुरवणीत, त्याच पानावर, त्याच आकाराच्या चौकटीत यावी. मागच्या खेपेस शाहू महाराजांच्या दत्तकविधानाचे साल आपण दुरुस्त केले होते, ते मंगळवारच्या अंकात निविदा सूचनांच्या खाली होते, आणि ते माझ्याखेरीज बहुधा पाटबंधारे खात्याच्या ठेकेदारांनीच वाचले.

आपला,
एक निवृत्त इतिहास-शिक्षक, कोल्हापूर