मेम्फिसहून अण्णांना

मेम्फिस, टेनेसी

तीर्थरूप अण्णा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

एल्व्हिसचं घर पाहिलंस का, असं तुम्ही फोनवर विचारलंत. अजून नाही. रविवारी स्टॅक्सचं म्युझियम मात्र पाहून आले आणि तिथे तुमची सारखी आठवण येत होती. कारण ही रेकॉर्ड कंपनी काढणारा माणूस तुमच्यासारखाच बँकेतला.

जिम स्टुअर्ट त्याचं नाव. दिवसा बँक, संध्याकाळी फिडल, म्हणजे व्हायोलिन. १९५७ साली त्याने सॅटेलाइट नावाने रेकॉर्ड काढायला सुरुवात केली, पण खिशात दमडी नव्हती. मग थोरली बहीण एस्टेल ॲक्सटन हिने राहतं घर गहाण टाकून रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन दिलं. तुमच्या कर्ज विभागात असा प्रस्ताव आला असता, तर चहा पाजून परत पाठवला असतात. पुढे १९६१ मध्ये दोघांच्या आडनावांतून स्टॅक्स हे नाव झालं.

त्याआधीच, १९६० मध्ये, त्यांनी मॅकलेमोर अव्हेन्यूवरचं एक बंद पडलेलं सिनेमा थिएटर भाड्याने घेतलं होतं. खुर्च्या उपटल्या, पण जमिनीचा उतार तसाच ठेवला. पडद्याकडच्या स्टेजवर कंट्रोल रूम आली आणि खाऊच्या काउंटरच्या जागी एस्टेलबाईंचं रेकॉर्डचं दुकान. नवीन गाणं त्या आधी दुकानात वाजवायच्या. गल्लीतली पोरं नाचली की गाणं पास! बुकर टी. जोन्स हा त्या दुकानात पडीक असलेला शाळकरी मुलगा. १९६२ मध्ये त्याच्या ऑर्गनवरचं 'ग्रीन ओनियन्स' देशभर गाजलं.

त्याच्या बँडमध्ये दोघे काळे, दोघे गोरे. मेम्फिसमध्ये तेव्हा त्यांना बहुतेक हॉटेलांत एका टेबलावर बसता येत नसे. लोरेन मोटेलमध्ये चालायचं, म्हणून गाणी रचायलाही तिथेच बसायचे. गायक ओटिस रेडिंग तर १९६२ मध्ये दुसऱ्याच एका वादकाची गाडी चालवत जॉर्जियाहून आला होता. रेकॉर्डिंग संपून थोडा वेळ उरला, तेव्हा त्याला गायला दिलं. त्यानंतर पाच वर्षं स्टॅक्स म्हणजे ओटिस.

भजनी मंडळातल्या तुमच्या पखवाजासाठी एक गोष्ट राखून ठेवली आहे. बुकर टी.च्याच बँडचा ड्रमर अल जॅक्सन ज्युनियर. 'इन द मिडनाइट अवर' या गाण्यात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवरचा ठोका तो केसभर उशिरा टाकतो. लय ढळत नाही, फक्त अंग जरा मागे रेलतं. डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीची गाणी इस्त्री केलेल्या शर्टासारखी. मला हे चुरगळलेलंच जास्त आवडलं.

आणि आता तुमच्या खात्यातला विषय. रेकॉर्ड देशभर विकायचं काम न्यूयॉर्कच्या अटलांटिक कंपनीकडे होतं. सुरुवातीला तोंडी व्यवहार, १९६५ मध्ये कागद झाला. जिमने विश्वासाने सही ठोकली. बँकेत काम केलेल्या माणसाने कागद वाचला नाही, अण्णा! १९६८ मध्ये फारकत घ्यायची वेळ आली तेव्हा कळलं, की अटलांटिकने विकलेल्या एकूण एक रेकॉर्डच्या मूळ टेप त्यांच्याच मालकीच्या. म्हणजे ओटिसची गाणीही गेली. ओटिस स्वतः तर १० डिसेंबर १९६७ ला विमान अपघातात गेलाच होता. ४ एप्रिल १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंग यांना गोळी लागली, तीही त्याच लोरेन मोटेलमध्ये.

('बिल्डर ओळखीचा आहे' म्हणून आपल्या सोसायटीच्या पुनर्विकासाच्या करारावर न वाचता सही करू नका. मसुदा आला की पानन् पान स्कॅन करून पाठवा.)

एवढं होऊनही ते पुन्हा उभे राहिले, याचं मला खरं नवल वाटतं. अल बेल या काळ्या व्यवस्थापकाने सूत्रं हाती घेतली आणि १९६९ मध्ये एका झटक्यात २७ अल्बम बाजारात आणले. रिकामं कपाट भरायचं होतं ना! त्यातून गायक आयझॅक हेज पुढे आला. 'शाफ्ट' सिनेमातल्या त्याच्या गाण्याला ऑस्कर मिळालं. १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या स्टेडियममध्ये एक डॉलर तिकिटात वॉटस्टॅक्स नावाचा गाण्यांचा जलसा भरवला, लाखावर लोक आले. मग वितरणाचं भांडण, बँकेचं थकलेलं कर्ज, आणि १९७५ अखेर दिवाळं. जिमने स्वतःची मालमत्ता तारण ठेवली होती, तीही गेली.

थिएटर १९८९ मध्ये पाडलं. आताचं म्युझियम २००३ चं, त्याच जागेवर. आतला उतारही मुद्दाम तसाच बांधलाय. हेजची सोन्याने मढवलेली कॅडिलॅक तिथे गोल फिरत असते. आईला फोटो पाठवलाय, तिने 'धुणार कोण?' एवढंच विचारलं. शेजारी मुलांना गाणं शिकवणारी स्टॅक्सची अकादमी आहे, तिचा कार्यक्रम असला की जाणार आहे.

गाण्यांच्या लिंक धाकट्याकडे पाठवल्या आहेत. त्याच्याकडून मोठ्या स्पीकरवर लावून घ्या, मोबाइलवर तो ठोका कळत नाही. आणि मात्रा मोजून मला सांगा, मी म्हणते तेवढा उशीर खरंच आहे का. आईला नमस्कार.

तुमची,
मनू