लाकडी ‘भुतां’विषयी खुलासा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत आमच्या भागातील हस्तकला प्रदर्शनाचा वृत्तान्त छायाचित्रांसह आला आहे. त्यातील एका दालनाविषयी ‘उत्तर अमेरिकेतील ओजिब्वे संस्कृतीतून प्रेरित, हाताने कोरलेल्या लाकडी भुतांच्या मूर्ती’ असे वर्णन असून चित्राखाली ‘टोटेम’ एवढाच शब्द छापला आहे. मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत सुतारकामाचा निदेशक म्हणून आयुष्य घालवले, आणि अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या पंचमहासरोवरांकाठी राहणाऱ्या मूळनिवासी ओजिब्वे लोकांच्या लाकूडकामाविषयी गेली काही वर्षे हौसेने वाचतो आहे. त्यामुळे शहाद्याहून एसटीने जाऊन ते दालन मी मुद्दाम पाहून आलो. आपल्या बातमीदाराने दालनातल्या पाटीवरचा मजकूर विश्वासाने उतरवून घेतला असावा, तेव्हा दोष त्याला देत नाही. पण त्या एका ओळीतला जवळजवळ प्रत्येक शब्द दुरुस्तीला आला आहे.

आधी ‘भूत’ घेऊ. इंग्रजी ‘स्पिरिट’चे ते भाषांतर दिसते. आपल्याकडे भूत म्हणजे अतृप्त राहून मागे रेंगाळलेला मेलेला माणूस. ओजिब्वे लोक ज्याला ‘मनिडू’ म्हणतात त्याचा मेलेल्यांशी असा संबंध नाही. ढगांच्या गडगडाटात पंख फडफडवणारा गरुडासारखा पक्षी हा मनिडू आहे, सुपीरियर सरोवराच्या तळाशी राहून तिथल्या तांब्याची राखण करणारा शिंगे असलेला पाणवाघ हाही मनिडूच, आणि एखादे झाड किंवा खडकही असू शकतो. सरोवरात होडी घालण्यापूर्वी पाण्याला चिमूटभर तंबाखू वाहायची, झाडाची साल काढण्यापूर्वी त्या झाडाच्या मुळाशी ठेवायची, अशी त्यांची रीत आहे. त्यांच्या भाषेत तर ही समज व्याकरणातच मुरलेली आहे. आपल्याकडे नामाला तीन लिंगे असतात, तशी त्यांच्याकडे सजीव आणि निर्जीव अशी नामांची विभागणी आहे. ‘मितिग’ हा एकच शब्द उभ्या झाडासाठी वापरला की सजीव ठरतो आणि काठी किंवा लाकूड या अर्थाने वापरला की निर्जीव. त्याप्रमाणे त्याचे अनेकवचनही बदलते. दगडाला मात्र ते सजीव नामांत धरतात. ज्याने चाळीस वर्षे ओंडके कापले त्या माझ्यासारख्याला हा भेद वाचून काही दिवस चैन पडले नव्हते.

साक्री तालुक्यातले कोकणा बांधव मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव करतात, सातपुड्यातली माणसे महाशिवरात्रीनंतर पायी देवमोगऱ्याला याहामोगी देवीच्या दर्शनाला जातात. डोंगऱ्यादेवाला किंवा याहामोगीला आपल्या वृत्तपत्राने ‘भूत’ म्हटले असते, तर दुसऱ्या दिवशी कार्यालयासमोर गर्दी जमली असती. ओजिब्वे लोक आठ-दहा हजार मैलांवर राहतात म्हणून ती गर्दी जमणार नाही, एवढाच फरक. ‘मनिडू’ हाच शब्द ठेवून पुढे ‘दैवत’ किंवा ‘शक्ती’ असे लिहिले असते तरी वाचकाला पुरेसे कळले असते.

‘टोटेम’ची गंमत निराळी आहे. हा शब्द इंग्रजीत गेला तो ओजिब्वे भाषेतूनच. त्यांचा मूळ शब्द ‘डोडेम’. पण टोटेम म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे येतात, एकावर एक तोंडे कोरलेले उंच खांब, ते ओजिब्वे लोकांचे नव्हेत. ते पॅसिफिक किनाऱ्यावरच्या हैदा, त्लिंगित आदी समाजांचे असून पंचमहासरोवरांच्या परिसरापासून तो किनारा शेकडो कोस दूर आहे. डोडेम म्हणजे कूळ: क्रौंच, अस्वल, मासा अशा एखाद्या प्राण्याच्या नावाने ओळखले जाणारे, बापाकडून मुलांकडे येणारे, आणि एकाच डोडेमच्या मुलामुलींचे लग्न होत नाही असे. मराठी वाचकाला हे समजावून सांगायला इंग्रजीचा आधार कशाला हवा? लग्नात मांडवाखाली आपण जे देवक बसवतो, त्या देवकाची आणि डोडेमची घडण पुष्कळशी एक आहे. टोटेम म्हणजे ‘देवक’ असे चित्राखाली लिहून त्या मूर्ती म्हणजे देवक नव्हेत हेही सांगून टाकले असते, तर खानदेशातल्या घराघरांत ते चटकन कळले असते.

आता हात आणि लाकूड. दालनात दीड-दोन फूट उंचीचे सहा मुखवटेवजा पुतळे होते. पाटीवर ‘सीडर लाकूड, हस्तकोरीव’ असे लिहिलेले. ओजिब्वे लोक ज्याला पवित्र मानतात तो पांढरा सीडर आपल्या बागांतल्या मोरपंखीचा नातलग आहे. त्याचे लाकूड वजनाला अगदी हलके आणि स्वतःचा वास असलेले. विक्रेत्याच्या परवानगीने मी एक पुतळा उचलून उलटा केला. तो चांगलाच जड होता, बुडाला पॉलिश पोचलेले नव्हते आणि तिथे आंब्याच्या लाकडातल्या काळपट रेघा उघड दिसत होत्या. मग मी गालांकडे पाहिले. पटाशी लाकडाच्या रेषेविरुद्ध गेली की लाकूड फाटते, म्हणून हाताने कोरणारा कारागीर एका गालावर हत्यार एका दिशेने चालवतो आणि दुसऱ्या गालावर उलट दिशेने. परिणामी दोन गाल कधीही तंतोतंत सारखे उतरत नाहीत. इथे सहाही पुतळ्यांचे दोन्ही गाल सारखे होते, डोळ्यांच्या खोबण्या एका मापाच्या होत्या, आणि हनुवटीखाली, जिथे पॉलिश पेपर नीट फिरला नव्हता तिथे, केसासारख्या बारीक समांतर रेघा होत्या. संगणकाच्या हुकमावर चालणाऱ्या सीएनसी यंत्राचे पाते ओळीने फिरते तेव्हा अशाच रेघा सोडते. यंत्रावर काम करण्यात कमीपणा मुळीच नाही, माझे कितीतरी विद्यार्थी त्यावरच पोट भरतात. पण मग ‘हस्तकोरीव’ म्हणून चौपट किंमत लावू नये.

ओजिब्वे कारागिराचे खरे हत्यार हे वाकड्या टोकाची सुरी असते. ती एका हातात, तळवा वर करून धरतात आणि आपल्या वाकसासारखी घाव घालत न चालवता स्वतःच्या अंगाकडे ओढतात. भूर्जाच्या सालीच्या होडीच्या सीडरच्या फासळ्या, वाडगे, पळ्या, तान्ह्या बाळाला बांधून नेण्याचे पाळणे, सगळे या सुरीच्या हाताखालून जाते. पात्याने ओढलेली प्रत्येक कपची लाकडावर एक उथळ खळगी ठेवते, आणि वाडग्याच्या आत बोट फिरवले की त्या खळग्या जाणवतात.

इतरांना बोल लावताना माझा स्वतःचा एक अपराध सांगणे मला भाग आहे. निवृत्तीपूर्वी काही वर्षे महामार्गावरच्या एका हॉटेलच्या बागेसाठी मी सागाच्या जुन्या खांबावर वाघदेव कोरून दिला होता. वाघ, वर सूर्य आणि चंद्र, सगळे यथासांग. काम संस्थेच्या आवारातच चालले होते. माझ्या एका भिल विद्यार्थ्याचे आजोबा त्याला भेटायला आले, ते खांबापाशी बराच वेळ उभे राहिले आणि त्यांनी विचारले, “सर, हा कोणत्या शिवेवरचा?” वाघदेव गावाच्या शिवेवर उभा असतो, तो त्या गावाचा असतो, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. मी काहीतरी हसून बोललो आणि काम पुरे करून दिले. तो खांब अजून तिथे आहे, त्याच्या शेजारी पाहुणे चहा पितात, आणि तो कुठल्याच शिवेचा नाही.

म्हणून दुसऱ्याच्या रूपांना हातच लावू नये, असे माझे म्हणणे नाही. ओजिब्वे लोक स्वतः भूर्जाच्या सालीच्या पेट्या, मण्यांचे काम, कोरीव वस्तू पिढ्यान्‌पिढ्या बाहेरच्यांना विकत आले आहेत. मात्र विक्रीची वस्तू आणि पूजेतली वस्तू यांत ते भेद करतात, आणि तो भेद करण्याचा अधिकारही त्यांचाच आहे. आपल्याकडे खानदेशात श्रावणात कानबाई देवी बसते तेव्हा सजावटीचे सामान बाजारात मिळते, गाणी कोणीही म्हणावीत. पण पिढ्यांपासून घरात जपलेले कानबाईचे नारळ कोणी विकायला काढत नाही, आणि प्रसादाच्या रोटाचा घास घरच्यांपुरताच असतो. सुपीरियर सरोवराच्या काठी ग्रँड पोर्टेज इथे खडकातून वाढलेले एक वाकडेतिकडे सीडरचे झाड आहे. एका फ्रेंच प्रवाशाने १७३१ मध्येच त्याची नोंद केली होती. ओजिब्वे लोक त्याला मनिडू मानून तंबाखू वाहतात. बाहेरच्या लोकांनी त्याची नासधूस केल्यामुळे आता तिथल्या ओजिब्वे वाटाड्याशिवाय त्याच्यापाशी जाता येत नाही.

नक्कल होते तेव्हा नुकसान किती होते, याचेही उदाहरण त्यांच्याच समाजातले आहे. नॉर्व्हल मॉरिसो या थोर ओजिब्वे चित्रकाराने जाड काळ्या रेघांनी बांधलेली, पोटातले अवयव दाखवणारी प्राण्यांची आणि मनिडूंची चित्रे काढून एक नवी चित्रशैलीच उभी केली. या दालनातल्या पुतळ्यांवरची रंगरंगोटी उघडपणे त्याच शैलीची उचल होती. मॉरिसो २००७ मध्ये वारले. त्यांच्या नावावर खोटी चित्रे खपवणाऱ्या टोळ्यांविरुद्ध कॅनडाच्या पोलिसांनी २०२३ मध्ये आठ जणांना अटक केली, हजाराहून अधिक चित्रे जप्त केली, आणि त्याच वर्षअखेरीस त्यांतील एकाला पाच वर्षांची शिक्षा झाली. अमेरिकेत १९९० पासून कायदाच आहे: एखादी वस्तू तिथल्या मूळनिवासींनी बनवली असे खोटे सांगून विकल्यास पहिल्याच गुन्ह्यात अडीच लाख डॉलरपर्यंत दंड, पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. ‘प्रेरित’ हा शब्द अशा वेळी व्यापाऱ्याला फार सोयीचा पडतो, कारण त्यात कारागिराचे नाव सांगावे लागत नाही. जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा आपण सर्वांनी आनंद व्यक्त केला होता. दुसरीकडचे वांगे जळगावचे म्हणून विकले गेले तर आपल्याला जे वाटेल तेच इथे आहे.

माझी आपल्याला एवढीच विनंती आहे की पुढील अंकात ‘भूत’ आणि ‘टोटेम’ या दोन शब्दांची दुरुस्ती छापावी, आणि प्रदर्शन संपण्यास अजून काही दिवस आहेत तोवर बातमीदाराला पुन्हा पाठवून विक्रेत्याला तीन गोष्टी विचाराव्यात: लाकूड कोणते, कोरले कोणी, आणि एखाद्या ओजिब्वे कारागिराचा यात कुठे हात आहे का. मी विचारले तेव्हा ‘माल वरून येतो’ असे उत्तर मिळाले. वृत्तपत्राने विचारले तर कदाचित पाटी तरी बदलेल.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त सुतारकाम निदेशक,
शहादा, जि. नंदुरबार