अर्धशिशीची वही

सांगली,
रविवार, सकाळ

प्रिय बाळ्या,
स. न. वि. वि.

परवा फोनवर तू म्हणालास, "पोराला अर्धशिशी निघालीय, इंग्रजी गोळ्या नकोत, तुम्ही मनीला कुठं कुठं नेलंत तेवढं सांग." तेव्हा मी गिऱ्हाईक आलंय म्हणून फोन ठेवला. गिऱ्हाईक आलं होतं, खोटं नाही. पण कुठं कुठं नेलं याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं. आज पेढी बंद आहे, घरातली माणसं लग्नाला गेलीत, म्हणून सावकाश लिहितोय.

आमची लेक मनी तेव्हा आठवीत होती. दिवाळीची सुट्टी संपली आणि डोकं धरून बसायला लागली. आधी सगळ्यांनी एकच सांगितलं, डोळे तपासा. तपासले, अर्धा नंबर निघाला, चष्मा आला, दुखणं तसंच. दुखायला लागलं की तिचा चेहरा पिठासारखा व्हायचा. लाईट बंद करा, कुकर लावू नका, फोडणीचा वास नको. मग एक उलटी, मग झोप, आणि तीन तासांनी उठून "वरणभात आहे का?" म्हणून विचारायची. हे असं ठणठणीत उठणंच तिला नडलं बघ. शाळेत एक बाई म्हणाल्या, गणिताच्या तासालाच बरं दुखतं. शाळेचं सोड, मीसुद्धा एकदा म्हणालो होतो, "परीक्षा आली की हिचं डोकं येतं." ती काही बोलली नाही. पुढे महिनाभर दुखलं तरी मला सांगायची नाही, आईला सांगायची.

घरच्या उपायांत आमच्या आईचा हात कुणी धरणार नाही. मीठ-मोहरीनं दृष्ट काढून झाली, सहाणेवर सुंठ उगाळून कपाळाला लेप झाला. मग तिनं रामबाण काढला: सूर्य उगवायच्या आत दूध-जिलेबी, सात दिवस. पहाटे पाचला मी एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात. आचारी म्हणाला, "ताजी आठनंतर, ही रात्रीची आहे." रात्रीची तर रात्रीची. दोन दिवस पोरीनं डोळे मिटून गिळली, तिसऱ्या दिवशी चुलीपाशीच सगळी बाहेर. आई म्हणाली, पित्त पडलं, आता उतार पडेल. मी तेव्हा हसलो होतो. पण उपाशीपोटी मनीचं डोकं हमखास उठतं हे पुढे कळलं, तेव्हा वाटलं, रात्रभरचा उपास पहाटेच मोडायचा एवढं शहाणपण त्या जिलेबीत असेल कदाचित. बाकी साखर वाया.

मग होमिओपॅथी. साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या गोळ्या तुला माहीत आहेतच. तिथल्या डॉक्टरांनी तासभर तिला विचारलं: गोड आवडतं का खारट, स्वप्नं कसली पडतात, एकटीच रडतेस का. मी बाहेर बाकावर बसून ऐकत होतो. पोरगी घडाघडा बोलत होती. आमच्याशी बोलत नाही ते सगळं. महिन्याला सहा वेळा दुखायचं ते दोनवर आलं आणि आम्ही पेढे वाटायचेच बाकी ठेवले. ते महिने कुठले? एप्रिलचे शेवटचे दिवस आणि मे. जूनमध्ये शाळा सुरू झाली, जुलैत पुन्हा पाच.

तिथं माझ्यातला दिवाणजी जागा झाला. पेढीवरची लाल कापडी बांधणीची एक वही घरी आणली, रकाने आखले. तारीख, किती वाजता, किती वेळ, आदल्या रात्री झोप किती, डबा खाल्ला का, पाळी, गोळी. मनी म्हणाली, "बाबा, माझ्या डोक्याची खतावणी काढताय?" म्हटलं, तसंच समज.

त्या वहीनं पहिला दणका मलाच दिला. एका महिन्यात तिनं मेडिकलमधून आणलेली डोकेदुखीची गोळी सतरा दिवस घेतली होती. आपणच देत होतो, एकदा ही, एकदा मी, एकदा आजी. साधी वेदनाशामक गोळीसुद्धा महिन्यातून पंधरा किंवा जास्त दिवस, असं तीन-चार महिने चाललं, की त्या गोळीपायीच डोकं दुखायला लागतं, हे मला कुठं ठाऊक? तू आधी तुझ्या घरातला डबा उघडून पाकिटं मोज.

मधे एक गोष्ट केली ती लिहायची लाज वाटते, तरी लिहितो. कर्नाटकच्या हद्दीजवळच्या एका गावात एकजण पुड्या देतो असं तोलाईवाल्यानं सांगितलं. गेलो. दारात चपलांचा ढीग, आत बारा पुड्या वर्तमानपत्रात बांधून दिल्या. औषधाचं नाव विचारलं तर म्हणे, नाव सांगितलं की गुण जातो. बाळ्या, हळदीचं एक पोतं मी बिनपावतीचं घेत नाही, आणि लेकीच्या पोटात बिननावाची पूड घालायला निघालो होतो. दोन पुड्या दिल्यावर तिला गुंगी आली तशी उरलेल्या गटारात टाकल्या.

वैद्य भेटले ते त्यानंतर. रीतसर पदवीवाले, आणि सगळ्यात सरळ माणूस. वही चाळून त्यांनी पहिलं काय सांगितलं असेल? "माझ्याकडं नंतर या. आधी मिरजेला मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा, डोळ्यांचा मागचा पडदा तपासून घ्या." मी घरातली आयुर्वेदिक गोळ्यांची एक जुनी पट्टी दाखवली, ओळखीच्यानं सुचवली म्हणून आणलेली. त्यांनी पाठीमागची बारीक अक्षरं माझ्याकडूनच वाचून घेतली. शुद्ध पारद. म्हणजे पारा. "पोरांना हे मनानं द्यायचं नसतं," एवढंच म्हणाले. सुश्रुतानं डोक्याचे अकरा रोग सांगितलेत, त्यातल्या अर्धावभेदकाचं, म्हणजे आपल्या अर्धशिशीचं, दुखणं दहा-पंधरा दिवसांनी किंवा अचानक उठतं असं लिहिलंय, हेही त्यांनीच सांगितलं. मी वहीतली अंतरं बोटानं मोजली: नऊ, चौदा, अकरा, सोळा. अंगावर काटा आला रे.

मिरजेच्या डॉक्टरांनी मनीला सरळ रेषेवर चालवलं, गुडघ्यावर हातोडी मारली, डोळ्यांत बॅटरी मारून बराच वेळ बघितलं. म्हणाले, तपासणीत काही नाही, एमआरआय नको. मी हट्ट धरला, तर म्हणाले, पैसे जास्त झालेत का? गोळी कशी घ्यायची ते त्यांनी शिकवलं: दुखायला लागल्या लागल्या, वजनाप्रमाणे पुरेशी, आणि आठवड्यातून दोन दिवसांच्या वर नाही. आधीच्या गोळ्या त्यांच्या सल्ल्यानं बंद केल्या तो पहिला आठवडा फार वाईट गेला. मग उतरलं.

मी विचारलं, रोज घ्यायचं, दुखूच नये असं काही औषध नाही का? त्यांनी जे सांगितलं ते माझ्या डोक्यात बसलंय. २०१७ साली अमेरिकेतला एक अभ्यास छापून आला. ८ ते १७ वर्षांची ३६१ मुलं. काहींना अ‍ॅमिट्रिप्टिलिन, काहींना टोपिरामेट, काहींना औषध नसलेली नुसती गोळी. दुखण्याचे दिवस निम्म्यावर किंवा त्याखाली किती जणांचे आले? पहिल्या औषधानं शंभरात ५२ जणांचे, दुसऱ्यानं ५५, आणि नुसत्या गोळीनं ६१! अभ्यास मधेच थांबवला. आकडे ऐकून मला वाटलं, पेढीच बुडाली. मी म्हटलं, म्हणजे पोरं नाटक करतात? डॉक्टर जरा चिडलेच. म्हणाले, दुखणं खरंच असतं. पण ते आपोआप चढतं आणि उतरतं, आणि माणूस नव्या डॉक्टरकडं जातो तो दुखणं शिगेला पोचल्यावरच. त्यात कुणीतरी लक्ष देतंय, रोज वेळेवर काहीतरी होतंय, याचाही पोरांना गुण येतो.

हे मला लगेच पटलं, कारण बाजारात रोज बघतो. भाव उतरायचाच असतो, आणि दलाल सांगतो मी उतरवला. आता सांग, साबुदाण्याच्या गोळ्यांना श्रेय द्यायचं का मे महिन्याला? माझी वही हे सांगू शकत नाही. एका वेळी तीन-तीन उपाय चालू असताना कुठलीच वही सांगू शकणार नाही. म्हणून काही करायचं तर एका वेळी एकच कर, आणि दोन-तीन महिने तरी कर.

तरी शिरोधारा केली. वैद्यांनीच डॉक्टरांना विचारून मग केली. सात बैठका, एकेकीचे बाराशे. लाकडी द्रोणीवर मनी उताणी, डोळ्यांवर ओला कापूस, वर टांगलेल्या पितळी भांड्यातून कोमट तेलाची बोटाएवढी धार कपाळावर इकडून तिकडं. पाचव्या मिनिटाला तिची मूठ उघडली. मी ती मूठ बघत होतो. ही पोरगी झोपतानासुद्धा मूठ वळून झोपायची हे मला त्या दिवशी कळलं. दुखणं त्यानं कमी झालं का? वहीत फरक दिसत नाही. पैसे वाया गेले असं मात्र मला वाटत नाही.

डॉक्टरांनी बी-२ जीवनसत्त्व लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी पोरगी घाबरून बाहेर आली, लघवी हळदीसारखी पिवळी! त्यानं तसंच होतं, तू वापरलंस तर पोराला आधी सांगून ठेव. योगाचं म्हणशील तर दिल्लीच्या एम्सनं २०२० मध्ये औषधासोबत योग देऊन चांगला फरक दाखवलाय, पण ती १८ ते ५० वयाची माणसं. मनीनं अनुलोम-विलोम आठवड्यात सोडला. भ्रामरी मात्र आवडली, संध्याकाळी खोलीतून भुंगा ऐकू येतो. आणि एका समुपदेशक बाईंकडं सहा वेळा गेली. आमच्या हिनं आधी "ती काय वेडी आहे का?" म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं. आता त्या बाईंना हळदीकुंकवाला बोलावते.

वहीत खरा फरक दिसला तो फुकटच्या गोष्टींनी. साडेदहाला फोन माझ्या उशाशी, रविवारीसुद्धा साडेसहाला उठणं. डब्याचं तर हसू येईल. मधल्या सुट्टीत नळावर रांग असते, म्हणून हात न धुता खायला नको या शिस्तीपायी पोरगी डबा तसाच परत आणत होती आणि घरी यायच्या आत रिक्षातून कुत्र्यांना घालत होती. चार महिने! वहीच्या "डबा" रकान्यात मी रोज "हो" लिहिलं होतं.

तुझ्या पोराचं काय करावं ते मी सांगणारा कोण? फक्त एवढं बघ. डोकेदुखीनं झोपेतून जाग येत असेल, पहाटे उठल्या उठल्या उलट्या होत असतील, एकाची दोन माणसं दिसत असतील, चालताना तोल जात असेल, किंवा तापात मान आखडली असेल, तर पत्र बाजूला ठेव आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठ. यातलं काही नसेल तरी आधी एकदा तपासून घे, मग हवं ते कर.

मनी आता दहावीत. गेल्या महिन्यात दोनदा दुखलं. श्रावणात ती म्हणाली होती, "बाबा, आता मला नवीन कुणाकडं न्यायचं नाही," आणि वही स्वतःकडं घेतली. परवा चोरून उघडली. शेवटच्या रकान्यात, जिथं मी "शेरा" लिहिलं होतं, तिथं तिचं अक्षर: "बाबांना सांगितलं. त्यांनी पंखा हळू केला. काही विचारलं नाही."

तुझ्यासाठी एक कोरी वही आखून ठेवलीय. कुरिअरनं पाठवत नाही, शिवरात्रीला जोडून सुट्टी आहे, पोराला घेऊन ये. वहिनींना नमस्कार. येताना ठाण्याच्या त्या चिवड्याचं पाकीट आण, आईनं आठवणीनं सांगितलंय.

तुझाच,
दिवाणजी