सोरायसिसचे मलम किती लावायचे, तेही चिठ्ठीवर लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बार्शीत गेली अनेक वर्षे मी औषधांचे दुकान चालवते. थंडी पडू लागली की आमच्याकडे सोरायसिसचे रुग्ण वाढतात. कोरड्या हवेने चट्टे उलतात, खाज वाढते, सकाळी अंथरूण झटकले की खपल्यांचा सडा पडतो. या लोकांच्या हातातल्या चिठ्ठ्या मी रोज वाचते. त्यांतली एक उणीव वाचकांपुढे, आणि त्याहून अधिक डॉक्टर मंडळींपुढे, मांडावी म्हणून हे पत्र.

गोळीच्या नावापुढे चिठ्ठीवर सगळे लिहिलेले असते: सकाळी एक, रात्री एक, जेवणानंतर, पाच दिवस. मलमाच्या नावापुढे मात्र बहुतेक वेळा ‘एल/ए’ एवढेच असते, म्हणजे वरून लावणे. किती लावायचे, कुठे लावायचे नाही, कधी थांबायचे, याबद्दल अक्षरही नाही. तपासणीच्या खोलीत डॉक्टरांनी तोंडी सांगितले असेलही, पण बाहेर चाळीस माणसे बसलेली असताना सांगितलेले घरी पोचेपर्यंत किती आठवणार? मग रुग्ण मला विचारतो, “ताई, ह्यो मलम कसा लावायचा?” आणि पुष्कळदा विचारतही नाही.

सोरायसिससाठी सर्वांत जास्त खपणाऱ्या मलमांत क्लोबेटासोल असते. स्टेरॉइड मलमांच्या सर्वांत जहाल गटातले हे औषध. ते उत्तम काम करते आणि योग्य हातात गुणकारी आहे, हे मी आधीच स्पष्ट सांगते, कारण ‘स्टेरॉइड’ शब्द ऐकूनच ट्यूब फेकून देणारेही मी पाहिले आहेत. पण त्याला मर्यादा आहे. मोठ्या माणसाने आठवड्याला ५० ग्रॅमच्या वर वापरायचे नाही आणि डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त ओढायचे नाही. त्यापलीकडे कातडी पातळ होऊ लागते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, काखेत, जांघेत, मांडीवर पांढरे-जांभळे भेगांसारखे पट्टे उमटतात. हे पट्टे पुढे पुरते जात नाहीत. अंगावर मोठ्या भागात फार दिवस लावले तर औषध रक्तात उतरते आणि शरीर स्वतः जे कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक बनवते, ते बनवणे मंदावते.

किती लावायचे, याचे सोपे माप उपलब्ध आहे. १९९१ मध्ये ब्रिटनमधल्या त्वचारोगतज्ज्ञांनी ते मांडले आणि आज जगभर वापरले जाते. आपल्याकडे त्यासाठी शब्दही तयार आहे, पेर. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या सांध्याच्या रेषेपर्यंत ट्यूबमधून मलमाची एक सरळ रेघ काढायची. हे एक पेर मलम, साधारण अर्धा ग्रॅम. बोटांसकट दोन तळहात ठेवले तर जेवढी जागा झाकली जाते, तेवढ्या जागेला एक पेर पुरते. लहान मुलाच्या अंगावरची जागासुद्धा मोठ्या माणसाच्याच तळहाताने मोजायची.

याचा हिशेब काउंटरवर मी कसा करते, ते सांगते. समजा दोन्ही कोपरे आणि दोन्ही गुडघे मिळून चार तळहातांएवढे चट्टे आहेत. म्हणजे एका वेळी दोन पेरे, एक ग्रॅम. दिवसातून दोनदा लावायला सांगितले असेल तर दिवसाला दोन ग्रॅम, आणि ३० ग्रॅमची ट्यूब पंधरा दिवस जाते. तीच ट्यूब चार दिवसांत संपवून माणूस परत आला तर काहीतरी चुकते आहे, हे मला लगेच कळते. एकदा एका काकांना विचारले तेव्हा समजले की ते चट्ट्यावर जाड थर देऊन वरून प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून झोपत होते. ‘लवकर मुरतं’ असे शेजाऱ्याने सांगितले होते. मुरते हे खरेच, आणि म्हणूनच धोका. झाकलेल्या कातडीत स्टेरॉइड कितीतरी जास्त शोषले जाते. डॉक्टरांनी स्वतः सांगितल्याशिवाय हा प्रकार कुणी करू नये. उलट, दुसऱ्या टोकाचेही रुग्ण येतात. तीच ट्यूब चार महिने पुरवणारे, भीतीने ठिपका-ठिपका लावणारे. त्यांना गुण येत नाही, मग ते औषधच बदलतात.

कातडी सगळीकडे सारख्या जाडीची नसते. तळहात-तळपाय, कोपर, गुडघे जहाल मलम सोसतात. चेहरा, पापण्या, मान, काख, जांघ सोसत नाहीत. डोळ्यांजवळ बरेच दिवस लावले तर डोळ्यातला दाब वाढण्याची आणि मोतीबिंदूची भीती असते. या नाजूक जागांसाठी सौम्य स्टेरॉइड किंवा टॅक्रोलिमससारखे वेगळे मलम डॉक्टर देतात. पण चिठ्ठीवर दोन मलमांची नावे एकाखाली एक असतात आणि कुठले कुठे, हे नसते. घरी गेल्यावर दोन्ही ट्यूब सारख्याच दिसतात.

दुसरी अडचण दोन मलमे एकमेकांच्या आड येण्याची. कॅल्सिपोट्रिऑल हे जीवनसत्त्व ‘ड’च्या जातीचे औषध, स्टेरॉइड नव्हे, आणि सोरायसिसमध्ये फार उपयोगी. पण सॅलिसिलिक अॅसिड त्याला निकामी करते. खपल्या काढायला म्हणून सॅलिसिलिक अॅसिडचे मलम लावायचे आणि त्यावरच कॅल्सिपोट्रिऑल चोपडायचे, म्हणजे महागड्या ट्यूबचे पैसे पाण्यात. कॅल्सिपोट्रिऑल चेहऱ्यावर लावायचे नाही, लावल्यावर हात धुवायचे, आणि आठवड्याला १०० ग्रॅमच्या आत राहायचे, नाहीतर रक्तातले कॅल्शियम वाढू शकते.

अचानक थांबवण्याबद्दल मला सगळ्यांत कळकळीने सांगायचे आहे. जहाल स्टेरॉइड महिनोन्‌महिने लावलेल्या माणसाने एखाद्या दिवशी ते एकदम बंद केले तर सोरायसिस दुप्पट जोराने उसळू शकतो. क्वचित अंगभर पू भरलेल्या बारीक पुळ्या येतात किंवा सगळे अंग लालबुंद होऊन सोलते, ताप येतो, आणि रुग्णालयात दाखल करावे लागते. पोटातून किंवा सुईने घेतलेल्या स्टेरॉइडनंतर हा धोका आणखी मोठा. म्हणून हे पत्र वाचून कुणी आजच ट्यूब बंद करू नये. आहे ती ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. ते आठवड्यातून दोनच दिवस लावणे, सौम्य मलमावर आणणे, अशा पायऱ्यांनी उतरवतात. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोग विभाग असतो, तिथे ही तपासणी थोडक्या खर्चात होते.

ट्यूब एकाची आणि वापर घरभर, हेही आम्ही रोज पाहतो. वडिलांच्या सोरायसिसचे मलम मुलगा जांघेतल्या नायट्याला लावतो. नायटा बुरशीमुळे होतो. स्टेरॉइडने खाज दोन दिवस थांबते आणि बुरशी मात्र पसरत जाते, तिचा आकारही इतका बदलतो की नंतर डॉक्टरांनाही ओळखणे अवघड होते. सून तेच मलम गोरी होण्यासाठी तोंडाला लावते. तिच्या चेहऱ्यावर पुढे काय होते ते मी काउंटरच्या अलीकडून पाहिले आहे: लाल झालेली, उन्हात भाजणारी कातडी, पुटकुळ्या, गालावर लव.

याला आम्ही औषधविक्रेतेही जबाबदार आहोत. वरून लावायची अनेक स्टेरॉइड मलमे पूर्वी चिठ्ठीच्या नियमातून सुटलेली होती. २०१८ साली केंद्र सरकारने १४ स्टेरॉइडची ती सवलत काढून घेतली. आता ही मलमे ‘शेड्यूल एच’मध्ये आहेत, चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, आणि वेष्टनावर लाल उभी रेघ असते. तरीही “तीच लाल ट्यूब द्या की” म्हटले की ट्यूब मिळते. मी नाही म्हटले तर पलीकडच्या दुकानात मिळते. अन्न व औषध प्रशासनाने तपासणीत फक्त परवाना आणि फ्रिज न बघता मलमांची बिलेही पाहावीत.

आपल्याकडेही एक मागणे आहे, संपादक महोदय. ‘सोरायसिस मुळापासून बरा, गॅरंटी’ अशा जाहिराती बऱ्याच वृत्तपत्रांत छापून येतात. सोरायसिस कायमचा नाहीसा करणारे औषध आज कुठल्याच पॅथीकडे नाही. तो आटोक्यात राहतो, अनेकांचा वर्षानुवर्षे शांत राहतो, एवढे नक्की. आणि ‘पूर्ण आयुर्वेदिक’ म्हणून विकलेल्या, लेबल नसलेल्या डबीतल्या मलमांत लपवून घातलेले जहाल स्टेरॉइड सापडल्याच्या नोंदी अनेक देशांत आहेत. पहिल्याच आठवड्यात चमत्कार दिसला तर संशय घ्यावा. अशा जाहिराती आपण तरी नाकाराव्यात, ही विनंती.

जाता जाता स्वयंपाकघरात काम करणाऱ्या बायकांसाठी एक गोष्ट. पेट्रोलियम जेली किंवा पॅराफिनचे मलम सोरायसिसमध्ये रोज लावावे, अंघोळीनंतर अंग ओलसर असताना लावले तर उत्तम. पण ते कपड्यात मुरले की कापड विस्तवाजवळ चटकन पेट घेते. चुलीशी, गॅसशी बसण्यापूर्वी पदर आणि बाही बदला. धुतल्यावरही कापडात थोडे उरते, हे लक्षात ठेवा.

डॉक्टरांना लिहायला खरेच वेळ नसेल, तर निदान चार शब्दांचा शिक्का करून घ्यावा: पेरे किती, जागा कुठली, दिवसातून कितीदा, किती दिवस. आम्ही दुकानदारांनी तेच जाड पेनाने ट्यूबच्या खोक्यावर उतरवून द्यावे, आणि चिठ्ठीवर नसेल तर डॉक्टरांना फोन करून विचारावे. माझ्या दुकानात हे सुरू आहे, आणि तालुक्यातल्या इतर दुकानदारांशीही मी बोलते आहे.

आपली,
एक औषधविक्रेती
बार्शी, जि. सोलापूर