व्याख्यान सकाळी दहाला ठेवले आहे

सांगली,
दि. २६ ऑक्टोबर

चि. नितीन यास,
आईचे अनेक आशीर्वाद.

काल आपल्या ज्येष्ठांच्या संघाच्या कार्यकारिणीची सभा झाली. नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारचे तुझे व्याख्यान सायंकाळी पाचऐवजी सकाळी दहाला ठेवायचे, असे मी त्यांच्याकडून ठरवून घेतले आहे. पाच म्हणजे तुझ्याकडे सिअॅटलला पहाटेचे साडेतीन. त्या वेळेला तू "चालेल, उठेन" असे दोन शब्दांत होकार कळवलास आणि त्याच आठवड्यात मधुराचा फोन आला. तुझ्या रक्तदाबाचा वरचा आकडा १६०च्या पुढे गेला आहे, डॉक्टरांनी गोळी सुरू केली आहे आणि जागरण बंद करायला सांगितले आहे, हे मला तिच्याकडून कळावे याचे वाईट वाटले, पण ते असो. आता दहाला कार्यक्रम असल्यामुळे तुझ्याकडे शनिवारचे रात्रीचे साडेआठ वाजलेले असतील. सिअॅटलची घड्याळे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तासभर मागे जातात, हे मी हिशेबात धरले आहे. रविवारी सकाळी भजनी मंडळ असते म्हणून कुलकर्णी अण्णा थोडे कुरकुरले, परंतु मी ऐकले नाही.

आता व्याख्यानाविषयी. विषय ‘हौसेखातर संगणक’ असा फळ्यावर लिहिला आहे. विरंगुळा केंद्राच्या सभागृहात प्रोजेक्टर आहे, पण तिथले वायफाय दाराशी येईपर्यंत मरते. त्यामुळे वैद्यांची नात, जी पॉलिटेक्निकला आहे, ती आपल्या फोनचे हॉटस्पॉट लावणार आहे. वीज गेली तर इन्व्हर्टरवर प्रोजेक्टर चालत नाही, म्हणून तुझी पाने पीडीएफ करून आधी पाठव, म्हणजे निदान मोठ्या लॅपटॉपवर पुढच्या दोन रांगांना दिसतील. झूमच्या फुकटच्या खात्यावर ४० मिनिटांनी सभा आपोआप बंद पडते. ही मर्यादा मला सोयीची वाटते, कारण तू बोलायला लागलास की तुला वेळेचे भान राहत नाही. पंचवीस मिनिटे बोल आणि उरलेला वेळ प्रश्नांना दे. प्रश्न सभागृहाच्या माइकवरून तुला नीट ऐकू येणार नाहीत, म्हणून ती मुलगी प्रत्येक प्रश्न लॅपटॉपजवळ जाऊन पुन्हा सांगेल. उत्तर देण्याआधी क्षणभर थांबत जा.

श्रोते कोण, हे तुला ठाऊक असावे. बँकेतून निवृत्त झालेले आहेत, वीज मंडळातले आहेत, एसटीच्या कार्यशाळेत हयात घालवलेले दोघे आहेत आणि सुट्टीमुळे काही नातवंडेही येतील. यांच्यापैकी कुणाला नोकरीसाठी काही शिकायचे नाही. म्हणूनच मला हा विषय त्यांच्यासाठी योग्य वाटला. आरंभ कुठून करावा, असे तू विचारले होतेस. माझ्या मते १९७५पासून कर. त्या वर्षीच्या जानेवारीच्या अंकात एका अमेरिकन मासिकाच्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० हा घरी जोडायचा संगणक आला आणि ५ मार्चला मेन्लो पार्कमधल्या एका गॅरेजमध्ये होमब्रू कॉम्प्युटर क्लब या हौशी मंडळींच्या क्लबची पहिली बैठक भरली. त्या यंत्राला पडदा नव्हता, कळफलक नव्हता. पुढच्या पट्टीवरचे खटके खालीवर करून एकेक आज्ञा भरायची आणि उत्तर दिव्यांवरून वाचायचे. स्मृती फक्त २५६ बाइट. सुटे भाग घरी जोडायचे आणि त्यातून उपयोगाचे काहीही निघणार नाही, हे माहीत असूनही माणसांनी तो मागवला, ही गोष्ट एसटीच्या कार्यशाळेतल्या माणसाला समजावून सांगावी लागणार नाही. तुझा जन्मही त्याच वर्षीचा. त्या वर्षी आपल्या घरात बाबांनी स्वतः जोडलेला ट्रान्झिस्टर होता, आणि त्याचे भाग त्यांनी पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणले होते. सोल्डरच्या राळेचा वास आत येऊ नये म्हणून मी त्यांना गच्चीवर बसवत असे. जेवणाची हाक मारली की "एवढे एक टोक" असे उत्तर येई, आणि ते एक टोक रात्री बारापर्यंत चाले. त्यांनाही ‘काही होत नाही’ हे शब्द फार आवडत. तू फोनवर तेच म्हणालास तेव्हा मला पुढचे काही सुचेना.

हे पत्र व्याख्यानाचे आहे, दवाखान्याचे नव्हे, हे मला कळते.

अल्टेअरनंतर सरळ आपल्या शाळेवर ये. १९८४-८५मध्ये सरकारने शाळांत संगणक शिकवायचा ‘क्लास’ प्रकल्प काढला आणि निवडक शाळांना बीबीसी मायक्रो हे संगणक मिळाले. आमच्या शाळेतली खोली तुला आठवत असेल. बाहेर चपला काढायच्या, पडदे ओढलेले आणि एका यंत्रापुढे चौघे. आम्ही शिक्षकच घाबरलेलो होतो. तू मात्र मधल्या सुट्टीत माझ्या मागे येऊन बेसिक भाषेतला दोन ओळींचा प्रोग्राम टाइप केलास, ‘आई’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत पडद्यावर खाली खाली धावत सुटला आणि तो थांबवायचा कसा हे आपल्या दोघांनाही माहीत नव्हते. मुख्याध्यापकांनी मला काय ऐकवले ते मी तुला कधी सांगितले नाही. त्या रात्री बाबांना मात्र सगळे सांगितले होते, आणि अभिमानाने सांगितले होते.

तेव्हाची गोष्ट आणि आजची गोष्ट जोडणारा दुवा तुझ्याजवळ आहेच, तो सांगायला विसरू नकोस. बीबीसी मायक्रो बनवणाऱ्या केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीनेच पुढे एआरएम प्रोसेसर घडवला, आणि त्याच केंब्रिजमधून २९ फेब्रुवारी २०१२ रोजी बाजारात आलेल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या पोटात एआरएमच आहे. मुलांनी पुन्हा संगणक उघडून पाहावा, मोडला तरी घरच्यांचा जीव जाऊ नये, म्हणून किंमत ३५ डॉलर ठेवली होती. प्रात्यक्षिकासाठी मात्र रास्पबेरी पाय नको, आर्डुइनो उनो हा त्याहून साधा बोर्डच ठेव. पायला पडदा, कळफलक, कार्ड सगळे जोडत बसावे लागते आणि तेवढ्यात तुझी चाळीस मिनिटे संपतील. उनोच्या आर३ आवृत्तीची कार्यस्मृती २ किलोबाइट, म्हणजे शाळेतल्या ३२ किलोबाइटच्या बीबीसीपेक्षाही कमी, हे आकडे शेजारी शेजारी दाखवलेस तर सभागृहात हसू होईल. तुझ्याकडे कॅमेरा हातांवर रोखलेला असू दे, चेहऱ्यावर नको. इकडे वैद्यांची नात तोच बोर्ड घेऊन बसेल. एलईडी, २२० ओहमचा रेझिस्टर, एक सेकंद पेटणे, एक सेकंद विझणे, एवढेच कर. मग प्रोग्राममधले १००० काढून कुणाला तरी उठवून १०० लिहायला लाव. दिवा भराभर लुकलुकला की त्या माणसाला जे वाटेल, ते तुझ्या पंचवीस मिनिटांनी वाटणार नाही.

एक सूचना मात्र आईची म्हणून नव्हे, विज्ञानाची शिक्षिका म्हणून. पाण्याच्या टाकीचा प्रश्न येणारच आहे. सकाळी नळाला पाणी येते, मोटर लावून लोक विसरतात आणि टाकी वाहते. याला तुझा संगणक काय करील, असे वीज मंडळातले पाटील नक्की विचारतील, आणि टाकी भरली की मोटर आपोआप बंद करणारा फ्लोट स्विच दुकानात मिळतो हेही तेच सांगतील. वाद घालू नकोस, कारण त्यांचे बरोबर आहे. पाच व्होल्टवर टाकी भरल्याची शिट्टी वाजवून दाखवायची असेल तर दाखव, परंतु रिले, म्हणजे विजेवर चालणारा खटका, लावून मोटर बंद करण्याचे नाव काढू नकोस. ही माणसे दुसऱ्याच दिवशी घरी जाऊन २३० व्होल्टचा बोर्ड उघडतील. मी फार शिकवते आहे का? वर्गात उभी राहिले की माझे असेच होते. तू हे सगळे माझ्याहून चांगले जाणतोस, आणि तुला बोलवावे असे मला वाटले तेही त्याचसाठी.

मात्र व्याख्यान झाल्यावर मला पुन्हा फोन करून ‘कसे झाले’ यावर तासभर बोलायचे नाही. तुझ्याकडे साडेनऊ झालेले असतील. मधुराला मी सांगून ठेवले आहे. तयारीसाठीही रात्री जागू नकोस. तुला यातले रात्री दोनपर्यंत बसून करण्यासारखे काही नाही, आणि असेल तर ते व्याख्यानातून काढून टाक. पाने कमी झाली तरी चालतील.

बुधवारी सकाळी दहालाच आवाजाची चाचणी घेऊ, म्हणजे तुझा मंगळवार रात्रीचा साडेनऊ. त्या आठवड्यात तुझी घड्याळे अजून मागे गेलेली नसतील. जेवण आणि गोळी दोन्ही त्याआधी होऊ दे. बाकी सर्व क्षेम.

तुझी
आई

ता. क. पीडीएफ वैद्यांच्या नातीला पाठव, पण एक प्रत मलाही पाठव आणि त्या खाली या आठवड्याचे रक्तदाबाचे आकडे लिही. गोलगोल उत्तर नको, रोजचे दोन्ही आकडे हवेत.