दारू बंद करण्याआधीचे सहा आठवडे

महोदय,

दारूच्या आहारी गेलेल्या माणसाला दवाखान्यात दाखल करून आठ-दहा दिवसांत अंगातली दारू उतरवली की काम झाले, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. माझ्या थोरल्या भावाच्या बाबतीत आम्ही घरच्यांनी तीन वेळा हेच केले. तिन्ही वेळा तो ठणठणीत होऊन घरी आला आणि दोन महिन्यांच्या आत पुन्हा प्यायला लागला. आम्ही त्याच्या मनोबलाला बोल लावला. तो अन्याय होता, असे आज मला वाटते.

वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या गुंगीवर मात करण्यासाठी कायम उत्तेजित राहू लागतो. दारू एकाएकी थांबली की ती उत्तेजना मोकाट सुटते. शेवटच्या पेल्यानंतर ६ ते ८ तासांत हात थरथरू लागतात, पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान काहींना तीव्र भ्रम होऊन जिवावर बेतते. म्हणूनच शपथ घालून किंवा खोलीत कोंडून दारू बंद करणे धोक्याचे आहे. डायझेपामसारखी मेंदू शांत करणारी औषधे उतरत्या मात्रेत आणि सोबत थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्व देऊन डॉक्टर हा काळ निभावून नेतात; पण त्यातून सुटते ते केवळ शरीराचे अवलंबन. शिवाय पुन्हापुन्हा दारू तोडून पुन्हा सुरू केली, तर पुढच्या खेपेचा त्रास अधिक तीव्र होऊ शकतो, हे आम्हाला फार उशिरा कळले.

चौथ्या वेळी समुपदेशकांनी दाखल होण्याची तारीखच सहा आठवडे पुढची दिली, तेव्हा आम्ही चिडलो होतो. (ज्यांना फिट येते, भ्रम होतो किंवा कावीळ झाली आहे, त्यांना अर्थातच थांबवून ठेवता येत नाही.) त्यांनी भावाच्या हातात एक वही दिली. किती वाजता प्यायलो, किती, कोणाबरोबर आणि त्याआधी मनात काय होते, एवढेच त्याने लिहायचे. आपण मित्रांमुळे पितो, असे तो आयुष्यभर सांगत आला होता. वहीत मात्र पानामागून पान एकच नोंद दिसू लागली : संध्याकाळी साडेसहा, घरी, एकटा. ती वेळ भरून काढण्याची सवय दारू सुटण्याआधीच लावायची, असे ठरले. डॉक्टरांच्या देखरेखीखाली आधी रोजचे प्रमाण स्थिर झाले, मग थोडे थोडे उतरले, आणि त्याच काळात तो साडेसहाच्या ठोक्याला चालायला किंवा अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या परस्पर-आधार संघटनेच्या सभेला जाऊ लागला. १९३५ साली सुरू झालेल्या या संघटनेत सदस्य होण्यासाठी दारू सोडण्याची इच्छा एवढी एकच अट आहे. अजून पिणारा माणूसही तिथे जाऊन बसू शकतो, हे आमच्या गावीही नव्हते.

तलफ कमी करणाऱ्या नाल्ट्रेक्सोन किंवा अकॅम्प्रोसेट या औषधांचा विचारही याच आठवड्यांत झाला. डायसल्फिराम हे, दारू प्यायल्यास त्रास व्हावा म्हणून दिले जाणारे औषध रुग्णाच्या नकळत खाण्यापिण्यातून देणाऱ्या कुटुंबांना मला कळकळीने सांगावेसे वाटते की, त्यावर दारू प्यायल्यास रक्तदाब एकदम कोसळू शकतो आणि हृदयावर घाला येऊ शकतो. ते द्यायचे तर डॉक्टरांच्या सल्ल्याने, रुग्णाला सगळे सांगून आणि त्याच्या संमतीनेच.

भावाला दारू सोडून आता दोन वर्षे झाली आहेत. साडेसहा वाजता तो अजूनही घरी थांबत नाही.

व्यसनमुक्ती केंद्रांनी दाखल होण्याच्या तारखेबरोबरच तयारीच्या बैठकांच्या तारखाही द्याव्यात, त्या बैठकांना घरच्यांनाही बोलवावे आणि अजून पिणाऱ्या माणसाला 'आधी सोडून या' असे सांगून दारातून परत पाठवू नये, अशी माझी विनंती आहे. आपल्या वृत्तपत्राने या विषयावर तज्ज्ञांकडून सविस्तर लिहून घ्यावे.

आपली नम्र,
एक वाचक