एमसीबी बसली, अर्थिंगचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

होळी झाली की खानदेशात घरोघरी माळ्यावरचे कूलर खाली उतरतात आणि आखाजीपर्यंत जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशीला टेकतो. याच दिवसांत कूलरचा शॉक लागून कुणी दगावल्याची बातमी कुठल्या ना कुठल्या गावाहून येते. बातमीत दोष बहुधा कूलरला दिला जातो. पंप ओला झाला किंवा मोटारीच्या तारेचे आवरण गेले की पत्र्यात करंट उतरणार, हे उघड आहे. तो उतरल्यानंतर पुरवठा क्षणात का तुटला नाही, हे मात्र कुणी विचारत नाही. त्याचे उत्तर घरातल्या वितरण पेटीत, म्हणजे आपल्या रोजच्या भाषेतल्या एमसीबीच्या डब्यात, आणि तिथून जमिनीत जाणाऱ्या हिरव्या तारेत, म्हणजे अर्थिंगमध्ये शोधावे लागते.

एमसीबी, म्हणजे तारेतला प्रवाह फार वाढला की आपोआप ‘पडून’ पुरवठा तोडणारी कळ, बसवली म्हणजे शॉकची भीती संपली, अशी समजूत सुशिक्षित घरांतही पक्की आहे. साधा हिशेब करून पाहावा. घराच्या अर्थिंगचा रोध आठ ओहम आणि डीपीच्या (ट्रान्सफॉर्मरच्या) अर्थिंगचा दोन ओहम धरला, तर २३० व्होल्टला कूलरच्या पत्र्यातून जमिनीत जाणारा प्रवाह २३ अँपिअर होतो. सोळा अँपिअरची, ‘सी’ प्रकारची एमसीबी तत्काळ पडण्यासाठी तिच्यातून किमान ८० आणि खात्रीने पडण्यासाठी १६० अँपिअर वाहावे लागतात. याहून कमी प्रवाहाला ती तापून, सावकाश पडते; क्षमतेच्या १.४५ पट, म्हणजे २३.२ अँपिअर प्रवाहाला तिने तासाभरात पडावे, एवढीच प्रमाणकाची अपेक्षा आहे. आपल्या उदाहरणातला प्रवाह त्याच्याही किंचित खाली राहतो. म्हणजे अर्थिंग ‘आहे’, एमसीबी ‘आहे’, आणि तरीही कूलरच्या पत्र्यावर १८४ व्होल्ट तासभर उभे राहू शकतात. एमसीबीचे काम तारा जळण्यापासून वाचवणे हे आहे आणि ते ती चोख करते. माणूस वाचवण्यासाठी ३० मिलिअँपिअर गळतीला पुरवठा तोडणारी आरसीसीबी लागते. वरच्याच आठ ओहमच्या अर्थिंगवर ती डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पडेल.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांत अशा गळती-संरक्षणाची तरतूद आहे. मात्र अगदी कमी भाराच्या घरगुती जोडण्यांना तिच्यातून सूट मिळते. मला ही सूट अनाकलनीय वाटते, कारण पत्र्याचा जुना कूलर, ओलसर भिंत आणि उघडे जोड हे सारे नेमके त्याच घरांत एकत्र नांदते. बंगल्यात आरसीसीबी असते, गावठाणातल्या धाब्याच्या घरात नसते. ती साध्या कूलरपेक्षा कमी किमतीत येते, हेही येथे नोंदवतो.

आरसीसीबी आली म्हणून अर्थिंगकडे पाठ फिरवता येत नाही. अर्थिंगच नसेल, तर गळतीला वाट सापडते ती माणसाने पत्र्याला हात लावल्यावरच. आयएस ३०४३ या भारतीय प्रमाणकानुसार जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपचे अर्थिंग करताना पाइप किमान अडीच मीटर लांबीचा आणि ३८ मिलिमीटर आतल्या व्यासाचा असावा लागतो, आणि खड्डा इमारतीपासून निदान दीड मीटर दूर घ्यावा लागतो. प्रत्यक्षात ओट्याला लागून हातभर खड्डा करतात, त्यात एखादा सळईचा तुकडा आणि मूठभर मीठ टाकतात, आणि त्यावर सिमेंट ओततात. पाणी घालायला नळी नाही, जोड तपासायला झाकण नाही. तापीकाठची काळी माती ओली असताना वीज चांगली वाहून नेते. पण हीच माती मे महिन्यात भेगाळते, पाइपापासून सुटते आणि अर्थिंगचा रोध चढतो. म्हणजे कूलर दिवसरात्र चालतात तेव्हाच अर्थिंग सर्वांत दुबळे असते. साक्री, नवापूरकडच्या मुरमाड जमिनीत तर एका पाइपने भागत नाही. पुरेसे अंतर ठेवून दुसरा घालून दोन्ही जोडावे लागतात.

काम झाल्यावर वायरमन फेज आणि अर्थिंगमध्ये शंभर वॅटचा बल्ब लावून दाखवतो, तो लख्ख पेटतो आणि घरमालक पैसे देऊन मोकळा होतो. त्या बल्बला अर्धा अँपिअरसुद्धा लागत नाही. अर्थिंग पन्नास ओहमचे असले तरी जेमतेम वीस व्होल्ट कमी होतात आणि प्रकाशातला फरक सहसा लक्षात येत नाही. मोजणी अर्थ टेस्टरनेच व्हायला हवी. याहून घातक प्रकार म्हणजे प्लगमध्येच न्यूट्रल आणि अर्थ यांना तुकडा तार जोडणे. उद्या न्यूट्रल कुठे तुटला, तर त्या तुकड्यातून पूर्ण २३० व्होल्ट उपकरणाच्या पत्र्यावर येऊ शकतात. आरसीसीबी असलेल्या घरात या जोडामुळे ती सारखी पडते आणि मग ‘खराब आहे’ म्हणून तिलाच बायपास केले जाते. डब्यात न्यूट्रलची आणि अर्थची पट्टी वेगळी ठेवण्याचे कारण हेच आहे. डबा पत्र्याचा असेल तर त्याचे अंग आणि दार, दोन्ही अर्थच्या पट्टीशी जोडलेले असले पाहिजेत.

डबा कुठे बसवावा, याचेही नियम आहेत. तो जमिनीपासून दोन मीटरपेक्षा उंच नको. न्हाणीघरात, स्वयंपाकघरात, शेगडीच्या किंवा सिंकच्या वर नको. आणि समोर एक मीटर मोकळी जागा हवी. आपल्याकडे तो कपाटामागे सापडतो, नाहीतर गच्चीवरची टाकी जिथे झिरपते त्याच भिंतीवर. मातीच्या भिंतीत लाकडी गिट्ट्या ठोकून बसवलेला डबा दोन पावसाळ्यांत हलू लागतो आणि आतले स्क्रू ढिले होऊन तापतात. न वापरलेली भोके तेवढी बुजवून घ्यावीत. त्यांतून पाली शिरतात.

नवीन जोडणी घेताना किंवा भार वाढवताना परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल वीज कंपनीला द्यावा लागतो. माझ्या पाहण्यातले बरेचसे अहवाल दुकानात बसून भरलेले असतात आणि सगळ्या घरांच्या अर्थिंगचा आकडा एकच असतो, मग जमीन चोपड्याची काळी असो की धडगावची डोंगराळ. विद्युत निरीक्षक कार्यालयाने आणि वीज कंपनीने यातले काही अहवाल निवडून, त्या घरी जाऊन पुन्हा मोजणी करावी, आणि कमी भाराच्या नव्या जोडण्यांनाही आरसीसीबीशिवाय मीटर देऊ नये. पावसाळ्यात घेतलेला आकडा नेहमीच चांगला येतो. म्हणून ही फेरमोजणी एप्रिल-मे महिन्यांत व्हावी.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक (तारतंत्री), अमळनेर